गुपित केव्हा फुटले, ते आधी पाहावे

हेरगिरीचे एखादे पुस्तक हाती आले की तरुण वाचक मुखपृष्ठ न्याहाळतो, मलपृष्ठावरचा मजकूर वाचतो आणि थेट पहिल्या प्रकरणात शिरतो. शीर्षकाच्या पाठीमागचे, प्रथमावृत्तीचे साल छापलेले पान न वाचताच उलटले जाते. कादंबरीच्या बाबतीत त्याने फारसे बिघडत नाही. युद्ध आणि गुप्तवार्ता यांच्या इतिहासात मात्र ते साल पाहिल्यावाचून पुस्तकातल्या निष्कर्षांचे वजन करता येत नाही. कारण लेखक कितीही प्रामाणिक असला, तरी त्या सालापर्यंत जी कागदपत्रे कुलपात होती, ती त्याच्या लेखी नव्हतीच.

या विषयावर काय वाचावे, अशी विचारणा इतिहासप्रेमी तरुणांत वारंवार होते आणि उत्तरादाखल बहुधा दहा-पंधरा नावांची यादी मिळते. या धाग्यातही पुस्तकांची नावे आहेत. पण ती जोडीजोडीने, क्वचित तिघांच्या मेळ्याने आली आहेत. आधी काय वाचावे, नंतर काय, आणि त्या दोहोंच्या मधल्या वर्षांत कोणते कुलूप उघडले, हा येथला खरा विषय.

आरंभ १९७४ पासून करणे सोयीचे. त्या वर्षी ‘द अल्ट्रा सीक्रेट’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. लेखक फ्रेडरिक विंटरबॉटम हे ब्रिटिश हवाई दलातले निवृत्त अधिकारी. महायुद्धाच्या काळात ते एमआय-सिक्स या परदेशी गुप्तवार्ता खात्यात होते. जर्मन सैन्य ‘एनिग्मा’ नावाच्या यंत्रावर आपले बिनतारी संदेश सांकेतिक करून पाठवीत असे आणि ही लिपी कोणालाही उकलणार नाही, याबद्दल बर्लिनला शंका नव्हती. प्रत्यक्षात इंग्लंडमधील ब्लेचली पार्क येथे ते संदेश मोठ्या प्रमाणावर उकलले जात होते आणि निवडक सेनापतींच्या हाती पडत होते. या गुप्तवार्तेला ‘अल्ट्रा’ हे नाव होते. युद्धाच्या अखेरच्या काळात ब्लेचलीच्या कामावर नऊ-दहा हजार माणसे होती आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. एवढ्या माणसांनी जवळजवळ तीस वर्षे तोंडातून शब्द काढला नाही. बायकोने युद्धात नेमके काय केले हे नवऱ्याला ठाऊक नाही, आईने काय केले हे मुलांना ठाऊक नाही, अशी कित्येक घरे त्या देशात होती.

विंटरबॉटम यांच्या पुस्तकाने त्याआधीचे युद्धावरील बरेचसे लेखन एकाएकी अपुरे ठरवले. विन्स्टन चर्चिल यांचा सहा खंडांचा ‘द सेकंड वर्ल्ड वॉर’ हा ग्रंथ १९४८ ते १९५३ या काळात प्रसिद्ध झाला. पंतप्रधान असताना चर्चिल हे उकललेले संदेश मोठ्या आतुरतेने वाचत. सहाही खंडांत ब्लेचलीच्या यशाची वाच्यता नाही. आयझेनहॉवर यांचे ‘क्रुसेड इन युरोप’ १९४८ चे, माँटगोमरी यांच्या आठवणी १९५८ च्या. दोघांनाही सर्व ठाऊक होते आणि दोघेही बांधील होते. गुप्तलिपीचा जगाचा इतिहास सांगणारा डेव्हिड कान यांचा ‘द कोडब्रेकर्स’ हा हजाराहून अधिक पानांचा ग्रंथ १९६७ साली निघाला. त्याच्या त्या आवृत्तीत गुप्तलिपीच्या इतिहासातले हे सर्वांत मोठे यश नाही. कान यांच्या परिश्रमात खोट काढण्याचे काहीच कारण नाही. दार बंद होते, एवढेच.

ही उणीव केवळ तपशिलाची नव्हती. ऑगस्ट १९४२ मध्ये इजिप्तच्या वाळवंटात आलम हाल्फा येथे रोमेलचा हल्ला परतवला गेला. रोमेल दक्षिणेकडून वळसा घालून येणार, हे माँटगोमरी यांनी आधीच हेरले, असे त्यांच्या आठवणी वाचून वाटते आणि ते सेनापतीच्या दृष्टीचे श्रेय ठरते. रोमेलच्या बेताला दुजोरा देणारा उकललेला संदेश त्यांच्यापर्यंत ऑगस्टच्या मध्यासच पोचला होता, हे वाचकाला कळायला आणखी दीड दशक जावे लागले. रोमेलचे इंधन घेऊन भूमध्य समुद्रातून निघालेली जहाजे एकामागून एक का बुडत होती, याचेही उत्तर तेथेच होते. माँटगोमरी यांचे कर्तृत्व यामुळे पुसले जात नाही. तयारी त्यांनी केली, सैन्याचे मनोबल त्यांनी सावरले. पण १९५८ च्या पुस्तकात जो द्रष्टा दिसतो, तो नंतरच्या पुस्तकांत उत्तम माहिती हाताशी असलेला दक्ष सेनापती होतो. या दोन माणसांत अंतर आहे.

मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांनी हिटलरचा जर्मनी जाणला तो वि. ग. कानिटकर यांच्या ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ या पुस्तकातून. तेही अल्ट्राचे गुपित फुटण्याच्या आधीचे. आजही ते अवश्य वाचावे. नाझी राजवटीचा उदय मराठीत इतक्या प्रवाही रीतीने फार थोड्यांनी सांगितला आहे. फक्त रणांगणावरच्या जयपराजयाच्या कारणांपाशी आले की साल आठवावे.

आता खुद्द विंटरबॉटम यांच्याकडे वळायला हवे, कारण गुपित प्रथम फोडणारा माणूस ते अचूकच फोडतो, असा एक भोळा समज आढळतो. विंटरबॉटम यांना कागदपत्रे पाहायला मिळाली नव्हती. त्यांनी बव्हंशी स्मरणाच्या आधारे लिहिले. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी कॉव्हेंट्री शहर भाजून काढले, पाचशेहून अधिक नागरिक मेले. कॉव्हेंट्रीचे नाव संदेशांतून आधीच कळले होते आणि तरीही गुपित राखण्यासाठी शहराला सावध केले गेले नाही, असा अर्थ विंटरबॉटम यांच्या कथनातून निघाला. कथा एवढी नाट्यपूर्ण की ती तत्काळ पसरली आणि आजही समाजमाध्यमांवर ‘चर्चिलचा भीषण निर्णय’ या मथळ्याखाली फिरत असते. नंतर खुली झालेली कागदपत्रे वेगळे सांगतात. मोठा हल्ला होणार हे कळले होते, कोठे होणार याबद्दल संदिग्धता होती. त्या दिवशी चर्चिल लंडनबाहेर जायला निघाले होते. हल्ला लंडनवरच येणार या समजुतीने त्यांनी गाडी वळवली आणि ते राजधानीत परतले. शहराचा बळी देणारा माणूस त्या संध्याकाळी स्वतः बाँब झेलायला परत आला नसता.

म्हणून विंटरबॉटम यांच्यानंतर एफ. एच. हिन्स्ली यांच्या संपादनाखाली निघालेला ब्रिटिश गुप्तवार्तेचा अधिकृत इतिहास हवा. त्याचे खंड १९७९ पासून येऊ लागले. हिन्स्ली स्वतः ब्लेचलीत काम केलेले, पुढे केंब्रिजचे प्राध्यापक. भाषा रुक्ष आहे. हे खंड रात्री अंथरुणात वाचण्याचे नव्हेत. संक्षिप्त एकखंडी आवृत्ती उपलब्ध आहे आणि बहुतेकांना ती पुरेल. विषयात नव्याने पाऊल टाकणाऱ्याने तत्पूर्वी सायमन सिंग यांचे ‘द कोड बुक’ वाचावे. पंजाबी कुळातला हा ब्रिटिश लेखक मूळचा भौतिकशास्त्रज्ञ; यंत्राची चक्रे कशी फिरतात, एका अक्षराचे दुसरे कसे होते, हे त्याच्याइतके सुबोध कोणी सांगत नाही.

विंटरबॉटम यांच्या पुस्तकातली आणखी एक उणीव पोलंडविषयीची. एनिग्माची पहिली उकल ब्लेचलीत झाली नाही. मारियान रेयेव्स्की या तरुण पोलिश गणितज्ञाने डिसेंबर १९३२ मध्ये, निव्वळ गणिताच्या आणि फ्रेंच हेरखात्याने मिळवलेल्या काही कागदांच्या आधारे, न पाहिलेल्या यंत्राच्या अंतर्भागातली तारांची जोडणी शोधून काढली. हेन्रिक झिगाल्स्की आणि येझी रुझित्स्की हे त्याचे सहकारी. जुलै १९३९ मध्ये, युद्धाला पाच-सहा आठवडे उरले असताना, वॉर्साजवळच्या जंगलात पोलिशांनी आपले सारे ज्ञान ब्रिटिश आणि फ्रेंच पाहुण्यांच्या स्वाधीन केले. पुढे रेयेव्स्की पळत-लपत १९४३ साली इंग्लंडला पोचला. त्याला ब्लेचलीचे दार उघडले नाही, दुय्यम कामावर बसवले गेले. युद्धानंतर तो मायदेशी परतला आणि हिशेबाच्या नोकऱ्या करीत राहिला. ही हकिगत नीट वाचायची असेल तर डर्मट ट्युरिंग यांचे ‘एक्स, वाय अँड झेड’ (२०१८) घ्यावे. ब्लेचलीचा सर्वांत नावाजलेला गणितज्ञ ॲलन ट्युरिंग याचा हा पुतण्या. काकाच्या कीर्तीतला वाटा ज्यांना द्यायला हवा होता, त्यांना तो पुतण्याने दिला, हे विशेष.

गुपित फोडण्याची किंमतही असते. ब्लेचलीतील ‘हट सिक्स’ या विभागाचे प्रमुख गॉर्डन वेल्चमन यांनी १९८२ साली ‘द हट सिक्स स्टोरी’ लिहिले. युद्ध संपून छत्तीस-सदतीस वर्षे झाली होती, शत्रूचे राज्य उरले नव्हते, मुख्य गुपित केव्हाच फुटले होते. तरी उकलीच्या पद्धती उघड केल्याबद्दल त्यांची अमेरिकेतील गोपनीय कामाची परवानगी काढून घेतली गेली. तीन वर्षांनी ते वारले. कागद कुलपात ठेवणारी माणसे शत्रूच्या हयातीवर अवलंबून नसतात, हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने हे पुस्तक चुकवू नये.

दुसरे उदाहरण अधिक रंजक आहे आणि चित्रपटामुळे अनेकांना ठाऊकही असेल. ३० एप्रिल १९४३ च्या पहाटे स्पेनच्या वेल्वा गावाजवळच्या समुद्रात एका ब्रिटिश पाणबुडीने एक प्रेत सोडले. अंगावर रॉयल मरीन्सच्या मेजर विल्यम मार्टिनचा गणवेश, कोटाच्या पट्ट्याला साखळीने जोडलेली बॅग, बॅगेत वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांची पत्रे. दोस्तांचा रोख सिसिलीवर नसून ग्रीस आणि सार्डिनियावर आहे, असे त्या पत्रांवरून वाटावे, अशी योजना होती. मेजर मार्टिन नावाचा असा कोणी अधिकारी नव्हताच. स्पॅनिश अधिकाऱ्यांकरवी पत्रांचा मजकूर जर्मनांपर्यंत गेला, त्यांनी तो खरा मानला आणि १० जुलैला दोस्तांचे सैन्य सिसिलीत उतरले.

या प्रकरणावर तीन पुस्तके ओळीने वाचावीत. पहिली कादंबरी : डफ कूपर यांची ‘ऑपरेशन हार्टब्रेक’, १९५०. कूपर युद्धकाळात मंत्री होते. त्यांना हे कळले होते आणि त्यांनी ते कल्पित कथेच्या वेषात छापून टाकले. वेष पातळ होता. गुप्तता पाळणे कठीण झाल्यावर, योजनेतील एक प्रमुख अधिकारी युएन मॉन्टागू यांना खरी हकिगत सांगण्याची मुभा मिळाली आणि १९५३ साली ‘द मॅन हू नेव्हर वॉज’ आले. पुस्तक चटपटीत आणि वाचनीय आहे. त्यात सगळे सांगितले आहे असे वाटते. तिसरे बेन मॅकिंटायर यांचे ‘ऑपरेशन मिन्समीट’, २०१०. मॉन्टागू यांच्या कुटुंबाकडे जुन्या पेटीत राहिलेली त्यांची कागदपत्रे मॅकिंटायर यांच्या हाती लागली.

दुसऱ्या आणि तिसऱ्या पुस्तकाच्या मध्ये एक मेलेला माणूस आहे. मॉन्टागू यांच्या कथनानुसार तो न्यूमोनियाने गेला आणि नाव कधीही उघड न करण्याच्या अटीवर नातलगांनी देहाचा वापर करण्यास संमती दिली. १९९६ साली एका हौशी संशोधकाला ब्रिटिश अभिलेखागारात ते नाव सापडले : ग्लिंडूर मायकल. वेल्सचा, आईबाप गमावलेला, लंडनच्या रस्त्यावर दिवस काढणारा चौतीस वर्षांचा माणूस. उंदराचे विष पोटात गेल्याने जानेवारी १९४३ मध्ये तो मेला. संमती कोणाची घेतलेली नव्हती. एका निराधार माणसाचे प्रेत सरकारी गरजेसाठी परस्पर उचलले गेले आणि १९५३ च्या वाचकाला एका समजूतदार कुटुंबाची कथा सांगितली गेली. वेल्व्यातल्या थडग्यावर पुढे मेजर मार्टिनच्या नावाखाली मायकलचे नाव कोरण्यात आले. ज्याला मूळ कल्पनेचे पुष्कळसे श्रेय जाते, तो हवाई दलातला अधिकारी चार्ल्स चम्ली मॉन्टागूंच्या पुस्तकात ‘जॉर्ज’ या टोपणनावाने वावरतो. तोही मॅकिंटायर यांच्या पानांत सापडतो. मॅकिंटायर यांची शैली कधीकधी फार गोडीत येते, हे खरे. इतके तपशील दिल्यावर ते क्षम्य आहे.

याच ओघात जे. सी. मास्टरमन यांचे ‘द डबल-क्रॉस सिस्टिम’ आठवते. ब्रिटनमध्ये उतरवलेले जर्मन हेर पकडून त्यांनाच उलटे फिरवण्याच्या यंत्रणेचा हा अहवाल १९४५ साली लिहून तयार होता. ब्रिटिश सरकार प्रकाशनाला आढेवेढे घेत राहिले. अखेर तो अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेकडून १९७२ साली निघाला. ‘गार्बो’ हा स्पॅनिश दुहेरी हेर या खेळातला सर्वांत चतुर गडी. खरे नाव हुआन पुजोल गार्सिया. ब्रिटनमध्ये पाऊल न ठेवता, लिस्बनमध्ये बसून, पर्यटकांसाठीच्या माहितीपुस्तकावरून तो जर्मनांना ‘लंडनहून’ अहवाल पाठवीत होता! ग्लासगोचे लोक लिटरभर वाइनसाठी काहीही करतील, असे त्याने एकदा लिहिले. स्कॉटलंडची जराशी ओळख असलेला जर्मन अधिकारी तेथे बसला असता तर ही कारकीर्द त्याच दिवशी आटोपली असती. पुढे ब्रिटिशांच्या हाताखाली त्याने सत्तावीस काल्पनिक हस्तक उभे केले, आणि जर्मनीचा आयर्न क्रॉस व ब्रिटनचा एमबीई हे दोन्ही सन्मान त्याला मिळाले.

भारतीय वाचकासाठी याहून जवळचे कुलूप काबूलचे आहे. १६-१७ जानेवारी १९४१ च्या रात्री सुभाषचंद्र बोस कलकत्त्याच्या एल्गिन रोडवरील घरातून महंमद झियाउद्दीन बनून निसटले. पेशावरहून काबूलपर्यंत त्यांना नेणारा सोबती ‘रहमत खान’. बोस पुश्तू बोलू शकत नव्हते, म्हणून ते मुके-बहिरे झाले आणि रहमत खान त्यांच्यासाठी बोलू लागला. काबूलमध्ये उत्तमचंद मल्होत्रा या व्यापाऱ्याने दोघांना घरात आसरा दिला. मार्चमध्ये बोस इटालियन पासपोर्टवर ऑर्लांडो माझोत्ता या नावाने निघाले आणि मॉस्कोमार्गे बर्लिनला पोचले.

उत्तमचंद यांचे ‘व्हेन बोस वॉज झियाउद्दीन’ हे पुस्तक १९४६ सालचे. या आसऱ्यापायी ते स्वतः तुरुंगात गेले होते. त्यांच्या पुस्तकात भीती आहे, शेजाऱ्यांचा संशय आहे, घरात परका माणूस लपवताना करावी लागणारी रोजची कसरत आहे. आणि रहमत खान त्यात भरवशाचा, धाडसी देशभक्त दिसतो. रहमत खान म्हणजे भगतराम तलवार. त्याचा भाऊ हरिकिशन पंजाबच्या गव्हर्नरवर गोळी झाडल्याबद्दल १९३१ साली फासावर गेलेला. अशा घरातल्या माणसावर संशय कोणी घ्यावा? भगतराम याने १९७६ साली स्वतःचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या शीर्षकात पठाणांच्या मुलखातले तलवार घराणे आहे आणि सुभाषबाबूंची महान सुटका आहे. आपली कोणती ओळख मागे राहावी असे त्याला वाटत होते, ते शीर्षकच सांगते.

मग मिहीर बोस यांचे ‘द इंडियन स्पाय’ (२०१७) उघडावे. भगतराम याने आधी इटालियनांकडून पैसे घेतले, मग जर्मनांकडून. पण श्रद्धेने तो कम्युनिस्ट होता आणि जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केल्यावर त्याने मॉस्कोशी संधान बांधले. सोव्हिएतांनी ब्रिटिशांशी त्याची वाटणी केली. ब्रिटिशांनी त्याला ‘सिल्व्हर’ हे नाव दिले. दिल्लीत बसून त्याचे खोटे अहवाल रचणारा अधिकारी पीटर फ्लेमिंग, म्हणजे जेम्स बाँडचा जनक इयन फ्लेमिंग याचा थोरला भाऊ. भारतात बंडाची तयारी चालू आहे, आपला माणूस कामाला लागला आहे, असा जो भरवसा काबूलमार्गे बर्लिनला मिळत होता, त्याची अक्षरे दिल्लीच्या ब्रिटिश कचेरीत जुळवली जात होती. जर्मनांनी त्या खोट्या अहवालांसाठी भगतराम यालाही आयर्न क्रॉस दिला.

तिन्ही पुस्तके वाचून झाल्यावर वाचक अवघड जागी उभा राहतो. काबूलच्या वाटेवर सुभाषबाबूंचा जीव ज्याने सांभाळला तोही भगतराम, आणि पुढे त्यांच्या योजनेच्या मुळाशी बसलेला तोही भगतराम. मिहीर बोस त्याच्या करामतींवर काहीसे लुब्ध आहेत आणि त्यामुळे ज्यांची फसवणूक झाली त्यांची बाजू त्यांच्या पुस्तकात दुबळी पडते. ती भरून काढायला उत्तमचंद यांच्याकडेच परत जावे लागते. जुने पुस्तक जुने झाले म्हणून निरुपयोगी होत नाही. काबूलच्या त्या घरात कोणाला काय ठाऊक होते आणि काय नव्हते, याची साक्ष फक्त तेच देते.

नूर इनायत खान हिच्यावरील दोन पुस्तकांची जोडी येथे थोडक्यात. वडील इनायत खान यांचा जन्म सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यातला, संगीतज्ञ मौलाबक्ष यांच्या घरातला. नूर जून १९४३ मध्ये बिनतारी संदेशवाहक म्हणून व्याप्त फ्रान्समध्ये उतरली, ऑक्टोबरमध्ये पकडली गेली आणि सप्टेंबर १९४४ मध्ये डाखाऊच्या छळछावणीत मारली गेली. तिची मैत्रीण जीन ओव्हर्टन फुलर हिने १९५२ साली ‘मॅडलीन’ लिहिले. शोध घेत हिंडून, माणसांना भेटून. श्राबणी बसू यांचे ‘स्पाय प्रिन्सेस’ २००६ चे, म्हणजे तिची सरकारी फाइल २००३ साली खुली झाल्यानंतरचे. प्रशिक्षकांचे प्रतिकूल शेरे, त्यावरचा वरिष्ठांचा वाद, तिला पाठवण्याची घाई, हे सारे कागदावर आल्यावर प्रश्न तिच्या धैर्यापुरता उरत नाही. तिला पाठवणाऱ्यांच्या निर्णयाकडे वळतो.

महाराष्ट्रात हेरगिरीचा विषय निघाला की पहिले नाव बहिर्जी नाईकांचे येते आणि ते स्वाभाविकही आहे. येथे अडचण उलट प्रकारची आहे. कुलपात ठेवलेले कागद नाहीत. कागदच फार थोडे आहेत. राजाराम महाराजांच्या काळात जिंजीत लिहिलेल्या सभासद बखरीत बहिर्जींचा उल्लेख आहे, तो मोजक्या शब्दांत. त्यांची वेषांतरे, त्यांची सांकेतिक भाषा, त्यांच्या हाताखालच्या हजारोंची फौज, हे तपशील ज्या आत्मविश्वासाने आज सांगितले जातात, त्याला समकालीन आधार शोधू गेल्यास हात रिता राहतो. उत्तम हेराचा पुरावा मागे राहत नाही, हे समर्थन ऐकायला बरे वाटते. पण त्याच्या जोरावर काहीही सिद्ध करता येईल. सुरतेची १६६४ ची स्वारी गुप्तवार्तेच्या दृष्टीने अभ्यासायची असेल तर पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने १९३१ साली प्रसिद्ध केलेले ‘इंग्लिश रेकॉर्ड्‌स ऑन शिवाजी’ चाळावे. वखारीतल्या घाबरलेल्या इंग्रजांनी लिहिलेल्या मजकुरातून महाराजांना शहराची किती बारीक माहिती होती, हे आडून दिसते. आडून दिसणारा पुरावा अधिक विश्वासार्ह असतो. तो देणाऱ्याला स्तुती करायची नसते.

१९७१ च्या युद्धावर पुस्तकांचा तुटवडा नाही. पाकिस्तानी सेनेचा जनसंपर्क अधिकारी सिद्दिक सालिक याचे ‘विटनेस टू सरेंडर’ (१९७७) आणि जनरल जेकब यांचे ‘सरेंडर ॲट ढाका’ (१९९७) समोरासमोर ठेवावे. जनरल नियाझी यांचे ‘द बिट्रेयल ऑफ ईस्ट पाकिस्तान’ (१९९८) वाचावे ते सारा दोष दुसऱ्यांवर कसा ढकलावा याचा नमुना म्हणून. पाकिस्तानच्या हमुदुर रहमान आयोगाचा अहवाल जवळजवळ तीन दशके बंद होता. २००० साली त्याचा भाग आधी भारतात प्रसिद्ध झाला, तेव्हा कोठे पाकिस्तानने तो खुला केला. श्रीनाथ राघवन यांचे ‘१९७१’ (२०१३) त्यानंतरचे, अनेक देशांची दप्तरे पाहून लिहिलेले, आणि या यादीत सर्वांत समतोल.

राहिले १९६२. येथे मात्र दार अजून बंद आहे.

२० ऑक्टोबर १९६२ च्या पहाटे चिनी सैन्याने नामका चू नदीकाठच्या भारतीय ठाण्यांवर हल्ला केला. तेथील सातव्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर जॉन दळवी दोन दिवसांनी शत्रूच्या हाती सापडले आणि सात महिने कैदेत राहिले. त्यांचे ‘हिमालयन ब्लंडर’ १९६९ चे. त्यांच्यावर कोअर कमांडर असलेले जनरल बी. एम. कौल यांचे ‘द अनटोल्ड स्टोरी’ त्याआधीचे, १९६७ चे. गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख बी. एन. मलिक यांचे पुस्तक १९७१ मध्ये आले, लष्करी कारवायांचे संचालक राहिलेले डी. के. पलित यांचे ‘वॉर इन हाय हिमालय’ १९९१ मध्ये. प्रत्येकाच्या पुस्तकात चूक दुसऱ्याच्या टेबलावर झाली आहे. दळवी यांच्या पानांतला संताप सर्वांत जळता आहे आणि तो समजण्यासारखाही आहे; उन्हाळी कपड्यांत, मोजक्या काडतुसांनिशी ज्यांना त्या नदीकाठी उभे केले गेले, ती माणसे त्यांची होती.

या सर्वांच्या म्हणण्याची शहानिशा करू शकेल असा दस्तऐवज अस्तित्वात आहे. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांचा अहवाल १९६३ साली सादर झाला. यशवंतराव चव्हाण तेव्हा संरक्षणमंत्री होते. मुंबईहून दिल्लीला गेल्याला त्यांना वर्षही झाले नव्हते. २ सप्टेंबर १९६३ रोजी त्यांनी लोकसभेत निवेदन करून चौकशीचे निष्कर्ष मोजूनमापून सांगितले आणि मूळ अहवाल सभागृहापुढे ठेवण्याचे टाळले. त्यांचे खासगी सचिव राम प्रधान यांचे ‘डेबॅकल टू रिव्हायव्हल’ (१९९९) हे त्या काळातील संरक्षण मंत्रालय आतून दाखवते. मराठी वाचकाने ते या ढिगात अवश्य ठेवावे. २०१० सालीही अहवालाला चालू लष्करी महत्त्व असल्याचे सांगून सरकारने तो खुला करण्यास संसदेत नकार दिला. ब्रिटिश पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी ‘इंडियाज चायना वॉर’ (१९७०) लिहिताना तो पाहिला होता. २०१४ साली त्यांनी आपल्याजवळचा भाग इंटरनेटवर ठेवून दिला.

म्हणजे गेली पन्नासहून अधिक वर्षे या युद्धाच्या एका मुख्य कागदाचा अर्थ जगाने समजून घेतला तो ज्याच्या हाती तो लागला त्या एकाच परक्या माणसाच्या चष्म्यातून. मॅक्सवेल यांची भूमिका भारताला दोष देणारी होती. ती खोडणारे बर्टिल लिंटनर यांचे ‘चायनाज इंडिया वॉर’ २०१८ चे आहे. चीनची तयारी हल्ल्याच्या कितीतरी आधीपासून चालू होती, असा त्यांचा युक्तिवाद. दळवी, कौल, पलित, मग मॅक्सवेल आणि त्यांनी ठेवलेली पाने, आणि शेवटी लिंटनर, या क्रमाने वाचावे. वाचताना वहीत दोन रकाने आखावेत : एकात लेखकाने स्वतः पाहिलेले, दुसऱ्यात त्याने ऐकलेले किंवा ताडलेले. दुसरा रकाना लवकर भरतो. मूळ अहवाल ज्या दिवशी पूर्ण खुला होईल, त्या दिवशी तीच वही पुन्हा उघडावी लागेल. तोवर काही पाने कोरी सोडून ठेवावीत.